कादंबरी ऐका, पण एक कान घरादाराकडे असू द्या

धान चुरून झाले, पोती घरात आली, की आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या रात्री मोकळ्या होतात. मंडई भरते. शंकरपट होतो. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं आणि माणसं पहाटे चादर खांद्यावर टाकून घरी परततात.

सगळ्यांनाच मात्र जाता येत नाही. कुणाचे गुडघे दुखतात. कुणाच्या मांडीवर लेकरू असतं. कुणाला सकाळची पहिली बस धरायची असते. अशा सगळ्यांना माझं सांगणं आहे : घरी बसून कादंबऱ्या ऐका.

मोबाइलवर आता अख्खी कादंबरी वाचून दाखवलेली मिळते. तिला ऑडिओबुक म्हणतात. जुन्या राजेरजवाड्यांच्या कादंबऱ्या मिळतात, खून-दरोड्यांच्या रहस्यकथाही मिळतात. चांगली गोष्ट आहे. घरात येऊ द्या. फक्त येताना कुठून कुठून आत शिरते, तेवढं बघून ठेवा.

ऐकणं आपल्याला नवं नाही. चातुर्मासात एकानं पोथी वाचायची आणि आळीनं ऐकायची, हे आपल्या ओसरीवरच चालायचं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला हरिविजयातला प्रसंग अध्यायासकट सांगता यायचा. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. पुढं ज्या घरी रेडिओ, त्या घरी संध्याकाळी शेजारी जमायचे. तेव्हा 'ऐकणं म्हणजे काही वाचणं नव्हे' असं कुणी नाक मुरडून म्हटलं, तर फार मनावर घेऊ नका.

विड्या वळणाऱ्या बायांना तर मी हे सगळ्यांच्या आधी सांगेन. तुमच्या मांडीवर सूप असतं. एका हातात कैचीनं कापलेलं तेंदूपान, दुसऱ्या हातात तंबाखूची चिमूट, मग धाग्याचा वेढा. मजुरी हजारी हिशेबानं. हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले, कान मात्र दिवसभर रिकामे.

तुमच्यासारख्याच कामगारांनी दूर क्युबा देशात फार पूर्वी एक युक्ती काढली. तिथं हवाना शहरात सिगार वळण्याचे कारखाने होते. १८६५ मध्ये तिथल्या कामगारांनी एक वाचणारा माणूस ठेवला. तो उंच जागी बसून मोठ्यानं वाचायचा. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे. कुठली कादंबरी वाचायची तेही कामगारच ठरवायचे. सरकारनं मध्येच बंदी घातली, तरी ती रीत मेली नाही. अलेक्झांडर द्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' ही सूडाची, तुरुंगातून पळण्याची कादंबरी त्यांची फार लाडकी. 'मॉन्टेक्रिस्टो' नावाची सिगार आजही विकतात, ती त्या कादंबरीवरूनच.

तेव्हा चार-पाच जणी एकत्र बसत असाल, तर मध्ये एक फोन ठेवा. आवाज सगळ्यांना ऐकू येईल इतकाच करा. प्रत्येकीनं आपापली इअरफोनची दोरी कानात खुपसून बसू नका. मग गोष्ट एकटीची होते, बोलणं बंद पडतं, आणि कोपऱ्यातलं लेकरू रडतंय तेही कळत नाही.

रोवण्याच्या दिवसांत मात्र फोन घरीच राहू द्या. चिखलात पडला तर गेला, हे एक. दुसरं म्हणजे बांधीत उभं राहून बायांनी म्हटलेली गाणी आता कमीच ऐकू येतात. ती कादंबरीसाठी थांबवू नका.

आता सुरुवात कशी करायची ते सांगतो.

पहिल्यांदा जाडजूड पुस्तक घेऊ नका. मोठी ऐतिहासिक कादंबरी वाचून व्हायला वीस-पंचवीस तास लागतात. रोज अर्धा तास ऐकली तरी चाळीस-पन्नास दिवस गेले. तेवढा धीर सुरुवातीला राहत नाही. आधी दोन-तीन तासांत संपणारी एखादी रहस्यकथा घ्या. कान बसू द्या. मग गड चढा.

पुस्तक घेण्याआधी नमुना ऐका. बहुतेक ठिकाणी काही मिनिटांचा तुकडा फुकट ऐकवतात. लेखक कितीही मोठा असो, वाचणाऱ्याचा आवाज तुम्हाला पटला नाही तर ते पुस्तक सोडा. पंचवीस तास त्या आवाजासोबत काढायचे आहेत. फार रडवून, फार ओरडून वाचणारा लवकर थकवतो, असं माझं मत. आणि मशिनीनं वाचलेलं असेल तर ते बहुधा ओळखू येतं. 'सन १७६१' कसं वाचतो तेवढं ऐका.

ऐतिहासिक कादंबरीत माणसं फार. छापील पुस्तकात नाव विसरलं तर मागचं पान उलटता येतं. ऐकताना ते जमत नाही. विश्वास पाटलांची 'पानिपत' ऐकायला घेतलीत, तर सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, नजीबखान, शुजाउद्दौला, अब्दाली यांच्यात तिसऱ्या दिवशीच गोंधळ होतो. म्हणून एक कागद घ्या. कोण कुणाचा, कुणाच्या बाजूचा, एवढंच लिहा. नातवाला लिहायला लावा. तो कागद कालनिर्णयाशेजारी चिकटवा. नातू शाळेतून आला की आपणहून विचारतो, 'आज्जी, आज कोण मेलं?'

गावच्या ग्रंथालयात तेच पुस्तक असेल तर तेही आणून ठेवा. ऐकताना एखादं पान आवडलं तर शोधून पुन्हा वाचता येतं. मुलांना तर मी मुद्दाम पुस्तक समोर धरून ऐकायला सांगेन. जोडाक्षरं सुधारतात.

फोनचा डेटा संपेल अशी भीती अनेकांना वाटते. आवाजाला डेटा फार लागत नाही. साध्या दर्जाचा आवाज तासाला तीस एमबीच्या आसपास खातो. वीस तासांची कादंबरी सहाशे एमबीत येते. तेच चित्र दाखवणाऱ्या व्हिडिओवर ऐकलंत, तर कितीतरी पट जास्त जातो. रेंज असेल तेव्हा पुस्तक फोनमध्ये उतरवून ठेवा. मग रेंज गेली, रात्री लाईट गेली, तरी गोष्ट चालू राहते.

पैशाचं नीट ऐका. इथंच घरात भांडणं होतात.

ऑडिओबुक ऐकवणारी स्टोरीटेल कंपनी २०१७ च्या नोव्हेंबरात भारतात आली, ती हिंदी-इंग्रजीसोबत मराठीही घेऊनच. पुढं आणखी कंपन्या आल्या. बहुतेकांची रीत एकच. पहिले काही दिवस फुकट. त्यानंतर दर महिन्याला खात्यातून पैसे आपोआप कटतात. तुम्ही एक अक्षर ऐकलं नाही तरी कटतात.

यात फसवणूक नाही. तुम्ही सुरुवातीला बटण दाबून परवानगी दिलेली असते. पण ती दिल्याचं लक्षात राहत नाही. म्हणून ज्या दिवशी सुरू कराल, त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करा. फुकटचे दिवस संपायच्या दोन दिवस आधीची तारीख गोल करून ठेवा. त्या दिवशी घरात विचारा : आपण ऐकतोय का? ऐकत असाल तर चालू ठेवा. नसाल तर बंद करा.

बंद कसं करायचं? फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे पैसे थांबले, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. ज्या ॲपनं तुम्ही पैसे पाठवता, त्यात 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' नावाची जागा असते. तिथं जाऊन ती परवानगी रद्द करा. आपोआप पैसे कटायच्या निदान २४ तास आधी तुम्हाला संदेश पाठवला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो संदेश वाचा. वीजबिलाचा असेल म्हणून पुसून टाकू नका.

एका घराला एक वर्गणी पुरते. लेकानं एक, सुनेनं एक, असं करू नका. आणि वर्षाची वर्गणी स्वस्त दिसते म्हणून पहिल्याच दिवशी वर्षभराचे पैसे भरू नका. एक महिना तरी ऐकून बघा.

आता फुकटचं. कुणीतरी गटावर पाठवतं : 'ही घ्या पन्नास कादंबऱ्या, एकदम मोफत.' आजकालच्या लेखकाची कादंबरी अशी आली, तर ती बहुधा चोरीची. लेखकाला त्यातून पैसा मिळत नाही. वाचणाऱ्या कलाकारालाही मिळत नाही. आपल्या धानाला भाव मिळाला नाही तर आपण रस्त्यावर बसतो. त्यांनीही पीकच काढलेलं असतं.

शिवाय धोका वेगळाच. अशा संदेशात कधी कधी एखादी फाइल असते. 'हे इन्स्टॉल करा, मग पुस्तक उघडेल' असं लिहिलेलं असतं. ते करू नका. प्ले स्टोअरबाहेरून आलेली अशी फाइल तुमचे संदेश वाचू शकते, बँकेचा ओटीपीसुद्धा. पुस्तक ऐकायला ओटीपी सांगावा लागत नाही. कुणी फोन करून मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर वाट न बघता लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे हातचे जातात.

फुकट आणि सरळ मार्गानं मिळणारंही पुष्कळ आहे. आपल्याकडं लेखक गेल्यावर साठ वर्षांनी त्याचं लेखन सगळ्यांचं होतं. हरिभाऊ आपटे १९१९ मध्ये गेले. नाथमाधव १९२८ मध्ये गेले. हरिभाऊंची 'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', नाथमाधवांच्या स्वराज्यावरच्या कादंबऱ्या आता कुणीही वाचून ध्वनिमुद्रित करू शकतो. भाषा जरा जुनी आहे. पण आजोबांना ती तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

आता कुठं ऐकू नये, ते कान देऊन ऐका.

दुचाकी चालवताना कानात काही नको. एकाही कानात नको. आपल्या जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. भंडारा, लाखनी, साकोली, सगळी गावं त्याच्या काठावर. ट्रक मागून येतो, तो आधी ऐकू येतो, मग दिसतो. पानिपतावर तोफा सुरू असताना त्याचा हॉर्न तुम्हाला ऐकू येणार नाही.

पायी चालत असाल तरी रस्त्याच्या कडेनं ऐकू नका. बसमध्ये बसल्यावर ऐका. मात्र उतरायचं गाव आलं की कंडक्टर हाक मारतो, तेवढी हाक ऐकू आली पाहिजे.

जंगलात तर अजिबात नको. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचायला जाता, मे महिन्यात तेंदूपानाला जाता. कोका, नागझिऱ्याची बाजू, पवनीकडलं कऱ्हांडलं, सगळीकडे वाघ आहे. खाली वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. तुम्हाला सावध करणारी गोष्ट एकच असते, आवाज. वानर ओरडतं, पाखरं एकदम उडतात, सोबतची बाई हाक मारते. ते ऐकायला दोन्ही कान लागतात. रात्री रानडुकरांसाठी जागल करताना माचीवर बसून कानात घालून ऐकता, तेही थांबवा. फार कंटाळा आला तर फोन बाजूला ठेवून हळू आवाजात लावा. कानात नको.

पितळेच्या कामाच्या शेडमध्ये काम करत असाल, तर आणखी एक गोष्ट. ठोकण्याचा आवाज आधीच मोठा असतो. त्यावर गोष्ट ऐकू यावी म्हणून तुम्ही फोनचा आवाज आणखी वाढवता. दोन्ही आवाज मिळून कानाचं नुकसान करतात, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, फोनचा आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नका. बोलणं ऐकायला तेवढाही लागत नाही. जिथं साठ टक्क्यांत ऐकू येत नाही, ती जागा ऐकण्याची नाही.

आता ऐतिहासिक कादंबरीबद्दल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

ऐतिहासिक कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे. हे तुम्हाला माहीत आहे. पण ऐकताना ते विसरायला होतं.

छापील पुस्तकात लेखकाचं नाव डोळ्यासमोर असतं. सुरुवातीला प्रस्तावना असते. काय खरं, काय मनानं घातलं, हे अनेक लेखक तिथं सांगतात. ऐकताना आपण प्रस्तावना पुढं ढकलतो आणि थेट लढाईत उतरतो. मग भारदस्त आवाज, मागं तुतारी, मध्येच घोड्यांच्या टापा. दहाव्या मिनिटाला वाटू लागतं की आपण तिथंच उभे आहोत. जे आपण 'पाहिलं', ते खोटं कसं असेल?

एक उदाहरण घ्या. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ला झाली. हा इतिहास. त्या सकाळी भाऊसाहेबांच्या मनात नेमकं काय चाललं होतं, ते लिहितो तो कादंबरीकार. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. रणजित देसाईंच्या 'स्वामी' कादंबरीत त्या दोघांचं जे बोलणं आहे, ते देसाईंचं. सुंदर आहे. रडू येतं. रडा. पण ते शब्द माधवरावांचे म्हणून शाळेच्या भाषणात सांगू नका.

मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी रा. भि. गुंजीकरांनी १८७१ मध्ये लिहायला घेतली. नाव 'मोचनगड'. काळ शिवाजी महाराजांचा, पण गड आणि माणसं लेखकानं रचलेली. म्हणजे हा प्रकार जन्मापासूनच असा आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण लोक विसरले की काय होतं, तेही पाहा. शिवाजी सावंतांच्या 'छावा' कादंबरीवरचा चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत आला. त्यात संभाजी महाराजांना पकडून देण्याचा दोष ज्यांच्यावर दाखवला, त्या शिर्के घराण्याच्या आजच्या वंशजांनी हरकत घेतली. दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. चित्रपट कादंबरीवर आधारलेला आहे, असं त्यांनी सांगितलं. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाचा राग आजच्या आडनावावर निघतो, तो असा. तुमच्याही गावात ती आडनावं आहेत. तुमच्या मुलाच्या वर्गात आहेत. कादंबरीतल्या खलनायकाचं आडनाव, जात, धर्म घेऊन शेजाऱ्याकडं बघू नका. मुलं तसं बोलताना ऐकलीत, तर तिथल्या तिथं थांबवा.

दुसरी गोष्ट ऐकून हसाल. त्याच चित्रपटानंतर मार्चमध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खोदायला लागले. मोगलांचा खजिना पुरलाय, अशी आवई उठली होती. मराठ्यांनी १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटलं, हे खरं. म्हणून सोनं अजून मातीत आहे, हे कुणी सांगितलं? ज्याचं शेत, त्याचं मात्र नुकसान.

आपल्याकडं तुमसरजवळ आंबागड आहे. देवगडचा राजा बख्त बुलंद शाह याचा सुभेदार राजाखान पठाण यानं तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढं नागपूरकर भोसल्यांनी तिथं कैदी ठेवले. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. कादंबरी ऐकून अंगात आलं, तर पोरांना घेऊन हे बघायला जा. डबा न्या. कुदळ नेऊ नका. जमिनीत जुनं नाणं, दागिना मिळाला, तर कलेक्टरांना कळवावं लागतं. १८७८ चा कायदा आहे आणि तो अजून चालू आहे. दहा रुपयांच्या वरची वस्तू असली की तो लागू होतो.

मग ऐकायचं कसं? प्रस्तावना आधी ऐका. संपल्यावर घरात विचारा, यातलं शाळेच्या पुस्तकात काय आहे? जे नाही, ते गुरुजींना किंवा बाईंना विचारून या. तेवढ्यावरून घरात जो वाद होतो, त्याला मी तरी भांडण म्हणणार नाही. तो गोड असतो.

आणि एखादा तुकडा कापून गटावर टाकू नका. मागचं-पुढचं गेलं की कादंबरीतलं वाक्य बातमी होऊन बसतं.

रहस्यकथेचं दुखणं वेगळं. ती खोटी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ती झोप नेते.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईकांनीही हजारावर. सुहास शिरवळकरांची पुस्तकं तर पोरं वह्यांत लपवून वाचायची. ही मंडळी प्रकरण अशा जागी तोडतात की पुढचं घेतल्याशिवाय राहवत नाही. छापील पुस्तकात निदान डोळे मिटायचे. ऐकताना डोळे मिटलेलेच असतात, आणि एक प्रकरण संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. रात्रीचा एक कधी वाजतो, कळत नाही. सकाळी दूध काढायला उशीर. डबा राहतो. चिडचिड दिवसभर.

म्हणून ॲपमध्ये चंद्राचं किंवा घड्याळाचं चिन्ह शोधा. त्याला स्लीप टायमर म्हणतात. अर्धा तास लावा. अर्ध्या तासानं आवाज आपोआप बंद होतो. खुनी कोण, ते उद्या कळेल. तो पळून जात नाही.

नारायण धारपांच्या भयकथा लहान मुलांसमोर लावू नका. चित्रात भूत दिसलं तर मूल डोळे झाकतं. ऐकलेलं भूत ते स्वतः बनवतं, आणि आपल्या घराच्या कोपऱ्यात उभं करतं. मग रात्री एकटं बाहेर जात नाही. मोठ्यांनीही तापात, आजारपणात, घरात नुकतं कुणी गेलं असताना असलं ऐकू नये. तेव्हा रणजित देसाई बरे.

घरात कुणाला दिसत नसेल, मोतीबिंदू वाढला असेल, तर त्यांच्यासाठी आधी हे करा. नीट पाहू न शकणाऱ्यांसाठी सरकारची 'सुगम्य पुस्तकालय' नावाची सोय २०१६ पासून आहे. नाव नोंदवून पुस्तकं मिळतात. आजोबांना फोनमधली बारीक बटणं जमत नाहीत. पुस्तक लावून द्या. थांबवायचं आणि पुन्हा सुरू करायचं, एवढं एकच बटण शिकवा. बाकी काही दाखवू नका, गोंधळ होतो.

पण फोन हातात देऊन मोकळे होऊ नका. म्हातारं माणूस दिवसभर ऐकतं आणि संध्याकाळी त्याला ते कुणाला तरी सांगायचं असतं. दहा मिनिटं बसा. कोण मेलं, कोण फितूर झालं, ते ऐकून घ्या.

शेवटचं एक काम सांगतो. दुसऱ्यांच्या गोष्टी ऐकताय, तशा घरातल्या गोष्टीही फोनमध्ये भरून ठेवा.

गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. पुढं वैनगंगेकाठची गावं उठली. ज्यांची घरं पाण्याखाली गेली, ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांनी 'झाडाझडती' लिहिली. पण ती दुसऱ्या धरणाची. पवनीकडच्या गावांची हकीगत तुमच्या ओसरीवर बसली आहे.

फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करायची सोय असतेच. आधी विचारा, 'भरून घेऊ का?' हो म्हणाले तरच घ्या. पंखा बंद करा. फोन खाटेवर घडी केलेल्या कापडावर ठेवा, हातात धरू नका. मोठे प्रश्न विचारू नका. विहीर कुठं होती, देवाची पालखी कुठून निघायची, असं विचारा. मध्ये बोलू नका. झाडीबोलीत बोलतील, तसंच राहू द्या. 'नीट बोला' म्हणू नका. भाऊबंदकीचं काही निघालं तर ते घरातच ठेवा.

झालं की फाइलला नाव द्या. माणूस, गाव, तारीख. त्याच दिवशी दुसऱ्या फोनवर एक प्रत पाठवून ठेवा. फोन पाण्यात पडतात, बिघडतात, पोरं पुसून टाकतात.